बूट घालून पाठवलेला पेपर

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमचे हे लग्नापासून सांगत आले आहेत. मी ते कधी मनावर घेतलं नाही. पेपर टाकणाऱ्याच्या घरात कोणी तरी बोलणारं हवंच. हे स्वतः दिवसभरात एकच शब्द मोठ्याने बोलायचे, तोही लोकांच्या दाराशी. "पेपर!" आत माणसं झोपलेली असोत नाहीतर भांडत असोत, तो शब्द उच्चारल्याशिवाय यांच्या हातून अंक सुटत नसे.

उभा जन्म यांनी एकाच वर्तमानपत्राची लाइन टाकली. लाइन म्हणजे ठरलेल्या घरांची ठरलेली रांग. आधी मास्तरीणबाई, मग औषधांचं दुकान, मग शिंपी, मग कोपऱ्यावरची इमारत, खालून वर. नाक्यावरच्या बंद दुकानांच्या पायऱ्यांवर गठ्ठे पडायचे, आणि मी मांडी घालून एकेका अंकात पुरवणी सरकवत बसायची. बोटं काळी व्हायची. घरी येऊन लेकीच्या वेण्या घातल्या की तिच्या कपाळालाही शाई लागायची आणि पोरगी तशीच शाळेत जायची.

यांचा एक नियम होता, तो यांनी कधी मोडला नाही. लाइन संपल्याशिवाय स्वतः पेपर उघडायचा नाही. पहिल्या पानावर केवढीही मोठी बातमी असो, हे घडीवर नजरसुद्धा टाकायचे नाहीत. "आधी गिऱ्हाईक, मग आपण," म्हणायचे. "उष्टा पेपर लोकांच्या दारात टाकू नये." मी हसायची. पेपर काय ताटातला घास आहे उष्टा व्हायला? पण नियम तो नियम.

मग एके दिवशी कागदच बंद झाला. वर्तमानपत्र यापुढे फोनवर वाचायचं, असं ठरलं. त्यातही गंमत अशी की, बातमीच्या दोन ओळी दिसायच्या आणि तिसरीवर कुलूप. खाली लिहिलेलं असायचं, "पुढे वाचायचं आहे? आमच्या परिवारात या." परिवारात यायला पैसे पडतात हे मला तेव्हा कळलं. ते वाक्य आमच्या लेकीचं, चिमीचं होतं. चिमी आता चांगली मोठी बाई आहे, पण घरात चिमीच. ती त्याच वर्तमानपत्राच्या कचेरीत कामाला. ती बातम्या देत नाही. वाचकांसाठी जे जे लिहायचं असतं, सूचना, दिलगिऱ्या, शुभेच्छा, साहेबांची भाषणं, ते सगळं तिच्या हातचं. हे चारचौघांत म्हणायचे, "मी पेपर टाकतो, पोरगी पेपर लिहिते." ती लाजायची.

कागद बंद झाला तेव्हा सगळ्या पेपरवाल्यांना छापखान्यात बोलावून निरोप दिला. यंत्रांवर कापडं टाकून झाली होती. प्रत्येकाला एकेक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. साहेबांनी भाषण वाचलं, "कागद थांबतो आहे, नातं नाही. तुमचे वाचक आम्ही तुमच्याच भरवशावर सोडत आहोत. त्यांचा हात सोडू नका." हे घरी आले ते डोळे पुसतच. घड्याळ भिंतीला लावलं आणि जेवताना ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं.

"बाबा, ते मी घाईघाईत खरडलंय," चिमी हसत म्हणाली. "साहेबांना टाळ्या हव्या होत्या."

"तू लिहिलंस म्हणून खोटं होतं का?" यांनी विचारलं.

चिमीने भात पुढे ओढला आणि विषय बदलला. तिथेच थांबवायला हवं होतं. पण भाषणावर कोणी विश्वास ठेवेल, असं आम्हा दोघींच्या डोक्यातही आलं नाही.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पहाटे उठायची सवय अंगात मुरलेली. उठायचं, आणि जायचं कुठेच नाही. मग यांनी माझं स्वयंपाकघर धरलं. डबे उंचीप्रमाणे लावले. मीठ कुठे आणि साखर कुठे, मला माझ्याच घरात विचारायची पाळी आली. चिमीने बापाची दया येऊन त्यांच्या फोनवर कचेरीचं आपलं खातं चालू करून दिलं. कर्मचाऱ्यांना सगळा अंक मोकळा असतो, कुलूप नाही. "वाचा बाबा हवं तेवढं," म्हणाली आणि आपल्या घरी गेली. ती कचेरीजवळ वेगळी राहते, आठवड्यातून एकदा येते.

एकदा बाजारात यांना मास्तरीणबाई भेटल्या. "पेपरवाले, दोन ओळी वाचते आणि कुलूप लागतं हो," म्हणाल्या. "पैसे भरायला माझी ना नाही. पण कुठे दाबायचं तेच कळत नाही. त्यात नंबर मागतात, मग नंबरावर नंबर." संध्याकाळी हे मला म्हणाले, "त्यांचा हात सुटला गं."

पुढचं पाप माझं. अख्खा अंक फोनवर उतरवून घेता येतो आणि दुसऱ्याला पाठवता येतो, हे मीच शोधून काढलं आणि यांना शिकवलं. मला माझे डबे परत हवे होते, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून लाइन सुरू झाली. मी म्हटलं, सगळ्यांना एकदम पाठवा, बोट दुखायचं नाही. हे चिडले. "नाक्यावर गठ्ठा फेकून कोणी निघून जातं का?" एकेका घराला वेगळा पाठवायचा, त्याच जुन्या क्रमाने. मास्तरीणबाई, औषधवाला, शिंपी, मग इमारत, खालून वर. आणि त्याआधी आंघोळ, धुतलेला सदरा आणि पायात बूट. खुर्चीत बसून फोनवरून पेपर टाकायला बूट कशाला, मी विचारलं. "अनवाणी लाइन टाकतात का?" यांनी उलट मलाच विचारलं. प्रत्येक वेळी बोट टेकवताना हळूच म्हणायचे, "पेपर." नियमही तोच. सगळी घरं झाल्याशिवाय स्वतः अंक उघडायचा नाही.

मास्तरीणबाईंनी एकदा दुपारपर्यंत अंक उघडलेला दिसला नाही, तर हे चौकशीला त्यांच्या घरी गेले. बाईंचा फोन कपाटामागे पडला होता, तो काढून देऊन आले. माणूस पुन्हा माणसात आला. मला डबे मिळाले. चिमीला हे सांगायचं कधी सुचलं नाही. लपवायचं नव्हतं, पण आज दूध तापवलं हे कोणी लेकीला सांगतं का? आणि ते चुकीचं आहे, हे तर ध्यानीमनीही नव्हतं. साहेबांनी भर सभेत सोपवलेलं काम होतं.

परवा संध्याकाळी चिमी अचानक आली. हे औषधवाल्याकडे गप्पा मारायला गेले होते. ती सरळ आत आली आणि ओट्याशी स्टुलावर बसली.

"आई, बाबा आपला अंक कोणाकोणाला पाठवतात?"

"लाइनीला," मी म्हटलं.

तिने डोळे मिटून घेतले. मग तिने जे सांगितलं ते असं. कचेरीत एक काचेची खोली आहे, तिथे भिंतीवर मोठा पडदा आहे आणि पडद्यावर नव्या वर्गणीदारांची रेघ. रेघ वर गेली की साहेब चहा मागवतात, खाली आली की कोणाची तरी खुर्ची रिकामी होते. चिमीच्या शेजारची बाई अशीच गेली. तिच्या खुर्चीवर आता लोक पिशव्या ठेवतात. अलीकडे रेघ काही केल्या वर जात नव्हती, कारण रोज उजाडताच अख्खा अंक लोकांच्या फोनवर फुकट फिरत होता. लाइनीतले लोक तो आपापल्या भावाला पाठवत, भाऊ मेव्हण्याला, मेव्हणा सगळ्या गल्लीला. हा अंक बाहेर सोडतो कोण, ते शोधायला एक युक्ती करण्यात आली. प्रत्येक खात्याच्या अंकावर डोळ्यांना न दिसणारी वेगळी खूण टाकायची, म्हणजे फिरणारी प्रत कोणाच्या खात्यातून निघाली ते कळेल.

"छान युक्ती," मी म्हटलं.

"माझीच होती," चिमी म्हणाली.

खूण सापडली ती चिमीच्या खात्याची. काचेच्या खोलीत सगळ्यांसमोर. साहेब म्हणाले, "कुंपणच शेत खातंय की." तिला त्याच क्षणी बाबा आठवले. ती म्हणाली, "माझा पासवर्ड कोणी तरी पळवला असणार." खरं सांगितलं असतं तर तिच्या खुर्चीवर पिशव्या आल्या असत्या. साहेबांनी विश्वास ठेवला. उलट खूश झाले. म्हणाले, "मग बदलू नकोस. चोराला कळायला नको. उद्या या खात्यातून अंकाऐवजी एकच पान जाऊ दे. तूच लिही. झोंबेल असं लिही."

तिने फोन माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावून वाचलं.

"हा अंक चोरीचा आहे. ज्याने तो तुमच्या दारात आणून टाकला, तो चोर आहे. चोराच्या हातचा पेपर घेऊ नका."

"बापाला चोर म्हणालीस?"

"मी आधी साधं लिहिलं होतं गं. साहेबांनी परत पाठवलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा परत." ती ओट्यावरचा पुसलेला भाग पुन्हा पुसत होती. "मग हे जमलं. आई, जमलं तेव्हा मला बरं वाटलं. वाक्य चांगलं झालं म्हणून. नंतर कळलं मी काय केलंय ते."

तिला बोलायला मला तोंडच कुठे होतं, पाठवायला मीच शिकवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेवढ्यात हे आले. लेक मधल्या वारी आलेली पाहून खुलले. "आलीस? बरं झालं. साहेबांना माझा निरोप सांग. म्हणावं, भाषणात म्हणाला होतात तसंच चाललंय. एकाचाही हात सोडलेला नाही. शिंप्याचे तर आता भाऊबंदही वाचतात."

चिमी बापाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता सांगेल. मी गॅस बारीक केला.

"सांगते, बाबा," ती म्हणाली.

चहा न पिताच उठली. ती चपला घालेपर्यंत मी तिच्या मागे दारापर्यंत गेले. "आई, उद्याच्या दिवस फोन त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. परवापर्यंत मी खातं बंद करून घेते. त्यांना यातलं काही कळायला नको." आणि गेली. मला राग आला होता तिचा. पण तिची पाठ बघून तोही धड टिकला नाही.

आता राहिले मी. सरळ जाऊन सांगायचं होतं, अहो, उद्या पेपर टाकू नका. का, म्हणून विचारलं असतं. मग त्या पानाचं सांगावं लागलं असतं, आणि ते कोणी लिहिलं तेही. एरवी भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कोणाला न सोडणारी मी, मला ते एक वाक्य जमेना. मी काय केलं? फोन पिशवीत गुंडाळला आणि पिठाच्या डब्यात खुपसून ठेवला. शहाणपण म्हणतात ते हेच.

पहाटे डब्यात कोंबडा आरवला. फोनमधला गजर बंद करायचं माझ्या लक्षातच नव्हतं. हे उठले, आवाजाच्या मागे मागे गेले, झाकण उघडलं आणि पोट धरून हसले. "तुझं वय झालं गं," म्हणाले. फोन पुसला. आंघोळ केली, सदरा घातला, बूट चढवले.

"आज राहू द्या," मी म्हटलं.

"का?"

"एक दिवस सुट्टी घ्या."

"मास्तरीणबाई वाट बघतात."

मी तिथेच उभी होते. हात लांब केला असता तर फोन हिसकावून घेता आला असता. "पेपर," हे म्हणाले. अंक उघडून बघायचा प्रश्नच नव्हता. आधी गिऱ्हाईक. "पेपर." औषधवाला गेला. "पेपर." शिंपी गेला. मी पदराचं टोक पिळत राहिले आणि यांनी खालून वर सगळी इमारत संपवली. एक दार चुकलं नाही.

मग पाय लांब करून यांनी आपला अंक उघडला.

एकदा वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. फोन वाजायला लागला. शिंपी होता. "पेपरवाले, हे काय पाठवलंत? चोर कोण?" यांनी "येतो" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील. बघितलं नाही. बुटाची नाडी सुटली नव्हती, तरी सोडून पुन्हा बांधली आणि उठले.

"कुठे निघालात?"

"लाइनवर."

मीही निघाले. मला घरात बसवलं नसतं.

मास्तरीणबाईंनी दार उघडलं. हे हात मोकळे घेऊन उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दाराशी यांनी हाक दिली नव्हती.

"बाई, चूक झाली. तो पेपर माझा नव्हता. न विचारता घेतला. तुम्हाला रोज चोरीचा माल दिला."

बाईंनी विचारलं, "अहो, पण तुमची लेक तिथेच आहे ना? ती काही बोलली नाही?"

"तिला ठाऊकच नव्हतं," हे म्हणाले. "तिच्या नकळत घेतला मी."

मी चमकून बघितलं. खातं तिनेच चालू करून दिलेलं. हे कधी खोटं बोलत नाहीत, त्यांना जमतच नाही. आज मात्र जमलं होतं. औषधवाल्याकडे तेच, शिंप्याकडे तेच. "चूक माझी. मुलीला ठाऊक नव्हतं." औषधवाल्याने खांद्यावर हात ठेवला. शिंप्याच्या बायकोने मात्र दारातूनच विचारलं, आमचं नाव कुठे लागणार नाही ना. वाटेत चिमीचा फोन आला. हे म्हणाले, "काही नाही गं, पाय मोकळे करतोय. तू कामाला जा." मी बाजूने फोनला कान लावला होता. त्या बारक्याशा आवाजात ती रडत होती की रस्त्याचा गोंगाट होता, कळलं नाही.

इमारतीत मधल्या मजल्यावर बँकवाले भाऊ राहतात. निवृत्त आहेत. भाऊंच्या हाती लागलेली गोष्ट दुपारपर्यंत साऱ्या गल्लीत गेलेली असते. पेपर सगळ्यात जास्त फिरवला असेल तर भाऊंनीच. दारात फोन हातात घेऊनच उभे होते.

"या, पेपरवाले. मी तुमचा अंक किती जणांना पाठवायचो ठाऊक आहे? सगळे मला विचारतायत. चोराचा भाऊ झालो ना मी."

"चूक झाली, भाऊ. मुलीला यातलं..."

"चूक कसली? ही खोड आहे. फुकट वाटून मोठेपणा मिळवायची." भाऊंनी फोन यांच्या तोंडासमोर नाचवला. "ज्याने लिहिलंय त्याने नेमकं लिहिलंय. माणूस ओळखून लिहिलंय."

हे मान खाली घालून उभे होते. पायातले बूट चकचकीत होते, पहाटेच पुसलेले. मला राहवलं नाही.

"फुकटचा वाचताना नाही विचारलंत कुठून येतो ते," मी म्हटलं. "आणि ओळखून म्हणजे काय? लिहिणारी यांचीच पोर आहे. पोटच्या पोरीने लिहिलंय ते, साहेबाने लिहायला लावलं म्हणून. कळलं?"

भाऊंनी फोन खाली घेतला. मला क्षणभर मोठा विजय मिळाल्यासारखं वाटलं. मग मी यांच्याकडे बघितलं.

यांनी माझा दंड धरला आणि मला जिन्याच्या वळणापर्यंत नेलं. आवाज चढवला नाही.

"मला ठाऊक होतं," हे म्हणाले. "'दारात आणून टाकला.' फोनमधल्या पेपरला आपल्या घराबाहेर कोण असं म्हणतं? पहिल्यांदा वाचलं तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही..."

"मी चोर ठरलो तर म्हातारा चुकला म्हणतील आणि विसरतील. पण तिने बापाला चोर लिहिलं, हे कोणी विसरणार नाही. कचेरीतही कळेल. तेवढं एकच झाकायला बाहेर पडलो होतो गं."

मला बोलायचं होतं. इतकी वर्षं न अडलेली जीभ टाळ्याला चिकटली.

"तू इथेच थांब," हे म्हणाले. "वरची घरं राहिली आहेत."

ते वर गेले. बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज आला, मग यांचा, सकाळपासून होता तसाच. "चूक माझी आहे. आमच्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं."

खाली बँकवाले भाऊ अजून आपल्या दारातच होते, फोन हातात घेऊन, मान वर करून ऐकत.